श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज

पांडुरंगाच्या दरबारात कोण नाही? गोरोबा काका मडकी घडविता घडविता आले, सावतोबा मळ्यातून आले, नरहरी सोनार शिवभक्ती घेऊन आले, सेना महाराज धोपटी घेऊन आले, चोखोबा महाद्वाराशी उभे राहिले. या सर्वांची चरित्रे आपण कीर्तनातून लहानपणापासून ऐकत आलो. पण याच मांडवात एक मुसलमान संतही मानाने बसलेले आहेत, त्यांचे चरित्र मात्र कीर्तनात फारसे निघत नाही. नाव सर्वांना ठाऊक असते, एखादे वचन पाठ असते, पुढचे काही नाही. ते संत म्हणजे श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज. त्यांचे चरित्र आणि त्यांची शिकवण वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही या महिन्यात योजिले आहे.

आमच्या पारगावच्या मंडळींना श्रीगोंदे काही परके नाही. जुन्नर तालुक्यात आळ्याजवळ एक पारगाव आहे, आंबेगाव तालुक्यात अवसरीकडचे दुसरे. दोन्हीकडची माणसे पंढरीची वारी करणारी. आळ्यास ज्ञानोबा माउलींच्या रेड्याची समाधी आहे. ज्या मुक्या जनावराच्या मुखातून माउलींनी वेद बोलविले, त्याला आपण समाधी दिली आणि तेथे डोके ठेवतो. ओतूरला मांडवीच्या काठी तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. आणि येडगावच्या धरणातून निघालेला कुकडीचा डावा कालवा पारनेरावरून थेट श्रीगोंद्याच्या शिवारात जातो. म्हणजे आज ज्या पाण्यावर इकडची शेते भिजतात, त्याच पाण्यावर शेख महंमदांच्या गावची शेतेही भिजतात.

जुना संबंध तर याहून मोठा. इ. स. १४९० मध्ये मलिक अहमद याने निजामशाही उभी केली, तेव्हा तिचे पहिले ठाणे जुन्नर होते. चार वर्षांनी, १४९४ मध्ये, त्याने अहमदनगर वसविण्यास आरंभ केला. त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. शिवनेरीच्या पायथ्यापासून श्रीगोंद्यापर्यंतचा मुलूख पुढे बराच काळ एकाच राज्यात होता. त्या राज्यात सुलतान मुसलमान, देशमुख-पाटील मराठे, कुळकर्णी ब्राह्मण. बाजारात, लष्करात, वाड्यात दोन्ही धर्मांची माणसे रोज एकमेकांस भेटत. लिहिण्या-बोलण्यात फारशी शब्द इतके शिरले की ते परके आहेत हे लोक विसरून गेले. पण देवाविषयी एकमेकांशी काय बोलावे, ते मात्र कोणाला सुचत नव्हते. मौलवीचा ग्रंथ अरबीत, शास्त्र्याचा संस्कृतात. मधला शेतकरी दोघांच्याही तोंडाकडे बघत राही.

अशा काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शेख महंमद जन्मास आले. वडिलांचे नाव राजमहंमद आणि आईचे फुलाई, अशी परंपरा आहे. आष्टीकडील वाहिरे हे गाव त्यांचे मूळ ठिकाण म्हणून सांगतात. घराण्याचा धंदा मुलाण्याचा, म्हणजे जनावर हलाल करून देण्याचा. याविषयी एक आख्यायिका भाविकांत चालत आलेली आहे. तरुण वयात त्यांच्या हाती सुरी आली. समोर बकरे बांधलेले. मानेवर सुरी ठेवण्याआधी मनात आले, हिची धार कशी लागते ते आपण आधी पाहावे. त्यांनी सुरी स्वतःच्या बोटावर ओढली. रक्त आले, कळ मस्तकात गेली. बोटाची जर ही गत, तर मानेची काय असेल? सुरी टाकून दिली ती कायमची. गोष्ट अक्षरशः अशीच घडली का, हा प्रश्न आम्ही इतिहासकारांकडे सोपवितो. पण भूतदया ज्याच्या अंगी अशी जागी झाली, त्याला संत म्हणायला लोकांनी दाखला मागितला नाही.

सुरी सुटली, तरी मार्ग दाखविणारा हवा. तो त्यांना देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस भेटला. चांद बोधले हे त्यांचे गुरू. चांद बोधले यांना काही लोक चंद्रभट म्हणत, काही चांदसाहेब म्हणत. सूफी पंथातील कादरी परंपरेशी त्यांचे नाते सांगतात. दौलताबादेस त्यांचे स्थान आहे, आणि आपण समाधी म्हणतो तिला इतर लोक दर्गा म्हणतात. याच चांद बोधल्यांचा अनुग्रह जनार्दनस्वामींना झाला, असे परंपरा मानते. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, आणि आपल्या नाथमहाराजांचे सद्गुरू. आता वाचकांनी ही नाती जुळवून पाहावी. जनार्दनस्वामी आणि शेख महंमद हे गुरुबंधू झाले, आणि शांतिब्रह्म एकनाथ महाराज नात्याने शेख महंमदांचे पुतणे ठरले. दत्तात्रेयांनी नाथांना दर्शन दिले ते मलंग फकिराच्या वेषात, ही कथा आपण दर वर्षी ऐकतो; तिचा अर्थ या नात्यावरून अधिक उलगडतो. नाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रचला, दोघांना खूप भांडविले आणि शेवटी एकमेकांच्या गळ्यात घातले, त्याचीही मुळे आम्हाला येथेच दिसतात.

पुढे शेख महंमद चांभारगोंद्यास आले. श्रीगोंद्याचे हे जुने नाव. तेथे त्यांना थोर शिष्य लाभला, तो म्हणजे मालोजीराजे भोसले, शिवछत्रपतींचे आजोबा. मालोजीराजांनी त्यांना गुरू मानले, मठासाठी जागा दिली, जमीन लावून दिली. भोसल्यांच्या घरात पिरा-फकिरांविषयी भक्ती होतीच. नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने मुलगे झाले म्हणून मालोजीराजांनी त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, हे सर्वश्रुत आहे. पण पिराला नवस करणे वेगळे आणि जिवंत गुरूपाशी बसून परमार्थ ऐकणे वेगळे. एका मराठा सरदाराने मुसलमान सत्पुरुषापुढे बसून ब्रह्मविद्या ऐकावी, आणि तीही मराठीत! हे कसे घडले? शेख महंमदांनी असे काय केले, की त्यांचे बोलणे मालोजीराजांना परके वाटले नाही? या चरित्राचे मर्म येथेच आहे.

इस्लामचा पहिला आणि शेवटचा सिद्धांत म्हणजे देव एक आहे. तो जन्मत नाही, मरत नाही, त्याला रूप नाही, त्याला जोडीदार नाही. याला ते तौहीद म्हणतात. आता हा सिद्धांत आमच्या एखाद्या शेतकऱ्याला कसा सांगावा? अरबी शब्द उच्चारला तर तो हात जोडील, पण समजणार काही नाही. तुझे देव खोटे म्हणून दरडावले तर तो उठून जाईल. शेख महंमदांनी तिसरी वाट धरली. ज्ञानोबांच्या आणि नाथांच्या ग्रंथांतून निर्गुण, निराकार, परब्रह्म हे शब्द गावोगाव पोचले होतेच. ते शब्द त्यांनी हाती घेतले आणि त्यांतून आपली एकदेवाची गोष्ट सांगितली. ऐकणाऱ्याला वाटले, अरे, हे तर आपल्या माउलीचेच बोलणे! आणि ते खोटे नव्हते. शब्द माउलींचे होते, निष्ठा त्यांची स्वतःची होती, आणि दोन्ही एका ठिकाणी पोचत होती.

सूफी लोकांत पिरावाचून मार्ग नाही. मुरीद म्हणजे शिष्य. त्याने आपली इच्छा पिराच्या पायी वाहून टाकायची. आपल्याकडेही सद्गुरूवाचून सोय नाही. शेख महंमदांनी एका ओवीत स्पष्ट सांगून टाकले, की पीर आणि सद्गुरू हे एकाच अधिकाराचे दोन बोलींतले उच्चार आहेत. गंमत अशी, की ओवी मराठी, पण तिचा शेवट त्यांनी हिंदुस्थानी बोलीत केला आहे. जणू दोन्ही प्रकारचे श्रोते समोर बसले आहेत आणि महाराज दोघांकडे आळीपाळीने पाहून बोलत आहेत.

सूफी ज्याला जिक्र म्हणतात, ते देवाचे नाव अखंड घेणे. आपण त्याला नामस्मरण म्हणतो. त्यांच्याकडे तसबी, आपल्याकडे तुळशीची माळ. सूफी ज्याला नफ्स म्हणतात, तो माणसाच्या आतला हट्टी, हावरा मी. त्याच्याशी लढणे हे बाहेरच्या शत्रूशी लढण्याहून मोठे युद्ध, असे सूफी सांगत आले. आपल्याकडे कामक्रोधादी सहा शत्रू आहेतच. शेख महंमदांनी हे आतले युद्धच आपल्या मोठ्या ग्रंथाचा विषय केला आणि त्याला नाव दिले ‘योगसंग्राम’. जीव हा लढवय्या, मन हा त्याचा घोडा, आणि गाठ अहंकाराशी. त्या काळी ज्याच्या घरी घोडा आणि ढाल-तरवार होती, त्या मराठ्याला याहून सोपा दृष्टांत कोणता द्यावा? रोज ज्या विद्येवर पोट चालते, तीच विद्या आत वळव, असे त्यांनी त्याला सांगितले.

योगसंग्राम ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे इ. स. १६४५ मध्ये पुरा झाला. त्याचे १८ प्रसंग आहेत आणि ओव्या २००० हून अधिक आहेत. गीतेचे अध्याय १८, याचे प्रसंगही १८, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. त्या वेळी तुकोबाराय देहूस होते आणि निजामशाही बुडून नऊ वर्षे झाली होती. मध्यंतरी १६३० चा भयंकर दुष्काळ पडून गेला होता. राज्ये मोडली, गावे ओसाड पडली, आणि हा म्हातारा फकीर श्रीगोंद्यास बसून मनाशी कसे लढावे ते मराठी ओवीत लिहीत होता. याखेरीज पवनविजय, निष्कलंक प्रबोध, ज्ञानसागर ही त्यांची प्रकरणे आहेत, अभंग आहेत, हिंदुस्थानी कविताही आहे.

येथे कोणी म्हणेल, मग काय, ते हिंदूच झाले म्हणायचे! आम्ही म्हणतो, असे मुळीच नव्हे. ते स्वतःला अविंध म्हणवितात. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. हिंदूंच्या मुलाचे कान टोचतात, मुसलमानाचे टोचत नाहीत, म्हणून हा शब्द. आपली जात मुसलमान आणि वाणी मराठी, हे त्यांनी ग्रंथात उघड सांगितले आहे, लपविले नाही. नाव बदलले नाही. कुळ सोडले नाही. अंतरी मात्र गोविंदाला जागा दिली, असेही तेच सांगतात. नाव एक, वाणी दुसरी, आणि देव तोच! ज्यांना माणसे एकाच खणात घालायची सवय असते, त्यांना हे अवघड जाते. शेख महंमदांना ते अवघड गेले नाही.

आणि त्यांनी सगळेच मान्य केले असेही समजू नये. गोड बोलून दोन्हीकडून मान मिळवावा, हा त्यांचा स्वभाव नव्हता. क्षुद्र दैवतांपुढे कोंबडी-बकरी कापणाऱ्यांना त्यांनी फटकारले. पैसे घेऊन कान फुंकणाऱ्या गुरूंना फटकारले. तितक्याच जोराने त्यांनी ढोंगी फकिरांनाही घेतले, ज्यांच्या अंगावर कफनी आणि मनात वासना. बोटावर सुरी ओढून पाहणारा पुरुष तो. त्याची धार दोन्ही बाजूंना सारखीच लागायची. आपल्या धर्मातले जे वर्म आहे ते त्यांनी सोडले नाही, आणि दुसऱ्याच्या धर्मातले जे खरे आहे ते उचलायला संकोच केला नाही. आम्हाला वाटते, म्हणूनच त्यांचा शब्द टिकला. दोन्हीकडची साले फेकून त्यांनी गर घेतला.

लोकांनी त्यांना कसे मानले? ब्राह्मणही त्यांचे बोलणे आवडीने ऐकत, असे तेच नोंदवितात. समर्थ रामदासांच्या नावावर असलेल्या एका रचनेत त्यांचा गौरव आहे. ताहराबादच्या महिपतीबुवांनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला, त्यात त्यांना इतर संतांच्या ओळीत बसविले. संतमंडळींत त्यांना कबीराचा अवतार मानण्याचीही परंपरा आहे. एक कथा तर वारकऱ्यांनी विसरूच नये अशी. तिकडे देहूस तुकोबांचे कीर्तन रंगात आलेले, आणि दिव्याची ज्योत लागून वरचा मांडव पेटला. इकडे श्रीगोंद्यास शेख महंमद बसले होते. ते एकाएकी उठले आणि काही विझवावे तसे हात चोळू लागले. लोकांनी विचारले, महाराज, हे काय? त्यांनी देहूची हकीगत सांगितली, आणि मागाहून तपास केला तेव्हा ती खरी निघाली. चमत्कारावर ज्याची श्रद्धा नसेल त्याने तो भाग सोडून द्यावा. पण लोकांनी ही कथा का सांगितली, ते पाहावे. तुकोबांच्या मांडवाला आग लागली तर तिची झळ श्रीगोंद्याच्या मुसलमान संताच्या हाताला लागते, एवढे त्यांना एकमेकांच्या शेजारी ठेवायचे होते.

शेख महंमद एकटेच नव्हते, हेही सांगितले पाहिजे. बहामनी राजघराण्यातले मानले जाणारे शहा मुंतोजी यांनी मृत्युंजय हे नाव घेऊन मराठीत वेदान्तावर ग्रंथ लिहिले. हुसेन अंबरखान यांनी गीतेवर ‘अंबरहुसेनी’ ही मराठी टीका केली. पुढे शहामुनींनी ‘सिद्धांतबोध’ रचला. त्यांची समाधी शहागडास आहे. तुकोबारायांनीही विष्णुदासांची नावे घेताना कबीर आणि लतीफ यांची नावे आदराने घेतली आहेत. महाराष्ट्राबाहेर पाहावे तर अवधी बोलीत मलिक मुहंमद जायसी यांनी १५४० च्या सुमारास ‘पद्मावत’ लिहून राजपुतांच्या कथेतून सूफी प्रेममार्ग सांगितला. विजापूरकडच्या सूफींनी बायाबापड्यांसाठी दखनी बोलीत जात्यावर म्हणायची गाणी रचली, म्हणजे दळण दळता दळता अल्लाचे नाव घेतले जाई. आणि गोमंतकात फादर स्टीफन्स या पाद्र्याने १६१६ मध्ये मराठी ओवीतच ‘ख्रिस्तपुराण’ छापविले. परका विचार या मातीत रुजवायचा तर त्याला ओवीचे आळे करावे लागते, हे या सर्वांना कळले होते. पण आम्हाला त्यांत एक फरक दिसतो. स्टीफन्स साहेबांना आपला धर्म लोकांच्या गळी उतरवायचा होता. शेख महंमदांना कोणाला बाटवायचे नव्हते आणि स्वतः बाटायचे नव्हते. त्यांना एवढेच हवे होते, की एकाच आळीत राहणाऱ्या माणसांना एकमेकांच्या देवाचे नाव समजावे.

शेख महंमदांनी देह ठेवला तो श्रीगोंद्यासच. तेथे त्यांचे स्थान आहे. कोणी तेथे हार-बुक्का वाहतो, कोणी फुलांची चादर घालतो. टाळ-मृदंगाचा गजरही त्या जागेने ऐकला आणि फातेहाही ऐकला. त्यांचे वाङ्मय बराच काळ पोथ्यांत पडून होते. वा. सी. बेंद्रे यांनी कष्टाने ‘योगसंग्राम’ आणि त्यांचा कवितासंग्रह छापून प्रसिद्ध केला, आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ हा ग्रंथ लिहून त्यांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना अभ्यासकांपुढे आणले. या दोघांचे ऋण मोठे आहे.

अलीकडच्या वर्षांत मात्र मनाला लागणारी गोष्ट घडली. महाराजांचे स्थान हे मंदिर की दर्गा, असा वाद श्रीगोंद्यात उभा राहिला. मोर्चे निघाले, कागदपत्रे निघाली. कागदाचा निकाल कचेरीत लागेल. त्यात आम्ही पडणार नाही. पण वारकऱ्याच्या मनाचा निकाल कचेरीत लागत नाही, तो त्याने स्वतः द्यावा लागतो. म्हणून दोन शब्द लिहितो.

जो म्हणतो, ते आमचे मुसलमान होते, तुमच्या विठोबाशी त्यांचा काय संबंध, त्याने त्यांचे मराठी अभंग काय करावेत? ते पाण्यात सोडावेत? आणि जो म्हणतो, ते आमचे संत होते, त्यांच्या मुसलमानपणाचे नाव काढू नका, त्याने त्यांचे नावच काय करावे? शेख महंमद यातले शेखही खरे आणि महंमदही खरे. ज्यांनी आयुष्यभर दोन शब्द एकाच अर्थाला जोडले, त्यांनाच आपण मधून चिरावे? त्यांना अर्धे घेता येत नाही. घ्यायचे तर सगळे घ्यावे लागतात, नाहीतर हातात काहीच राहत नाही.

आपल्या संप्रदायाला हे जड जाऊ नये. देहूहून तुकोबारायांची पालखी निघते, ती गाव सोडताना अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तेथे अभंग-आरती होते आणि मगच पुढची वाट धरतात. इतक्या वर्षांत त्या थांबण्याने कोणाचा धर्म बुडाला नाही. वाट चुकली नाही, पंढरी लांब गेली नाही. ज्या पालखीला तेथे थांबता येते, त्या पालखीमागून चालणाऱ्याला श्रीगोंद्यास हात जोडायला काय अडचण आहे?

आमची वाचकांना, विशेषतः जुन्नर-आंबेगावकडच्या दिंड्यांना एक नम्र विनंती आहे. सप्ताहात सर्व संतांची चरित्रे लावता, तशी एक रात्र शेख महंमद महाराजांच्या चरित्राला द्यावी. योगसंग्राम मिळवून त्यातला एखादा प्रसंग वाचावा. भाषा जुनी आहे, पण ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला ती अडणार नाही. गावात मुसलमान घर असेल तर त्यांनाही ऐकायला बोलवावे, कारण चरित्र त्यांच्याही वडिलधाऱ्याचे आहे. बाहेर कोण कोणाशी भांडते ते भांडो. योगसंग्रामाची गाठ आतल्या शत्रूशी आहे, आणि तो शत्रू मंदिर-दर्गा पाहून येत नाही. तो आपल्या सर्वांच्या घरी वस्तीला आहे.

शेख महंमद महाराजांच्या चरणी मस्तक ठेवून हे चरित्र येथे पुरे करितो. रामकृष्णहरी.